पाचवी बाटली

दवाखान्यात "मावशी" अशी हाक आली की चारपाच जणी माना वळवायच्या, पण दुर्बिणीच्या खोलीतली मावशी एकच. तिला मावशी म्हणणाऱ्यांत तिच्याहून दहा वर्षांनी मोठे डॉक्टर होते. दारावरचा रखवालदार तर तिच्या वडिलांच्या वयाचा, पण तोही मावशीच म्हणायचा, आणि तिनेही त्याचं वाईट वाटून घेणं केव्हाच सोडून दिलं होतं. घशातून पोटात उतरवायची ती लांब काळी दुर्बीण धुणं, तिची नळी आतून ब्रशने घासणं, औषधाच्या पाण्यात बुडवून घड्याळ लावून बसणं, मग सुकवून कपाटात उभी टांगणं, हे तिचं काम. शिवाय पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, दातांत प्लॅस्टिकची कडी बसवायची आणि "नाकाने श्वास घ्या, लाळ गिळू नका, वाहू दे तशीच" म्हणत पाठीवर हात फिरवायचा. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. लोक माणसं चेहऱ्यावरून ओळखतात, आमची मावशी पोटाच्या आतून ओळखते, असं सिस्टर तिला चिडवायची.

आता इतकी वर्षं एकाच खोलीत काढली की माणूस आपली आपली काही गणितं बसवतोच. मावशीचं गणित बाटल्यांचं होतं. मॅडम दुर्बिणीतून चिमटा घालून पोटाच्या आतल्या अस्तराचा कणभर तुकडा काढायच्या, सिस्टर तो बोटाएवढ्या बाटलीत टाकायची, मावशी बाटलीला चिठ्ठी लावायची. तुकड्याची जागा बदलली की बाटली बदलायची. एक बाटली म्हणजे काही नाही. दोन म्हणजे खात्री करून घेतायत. तीन-चार म्हणजे मॅडमना काहीतरी खटकलंय. आणि पाचवी मागितली की मावशी पेशंटच्या पाठीवरचा हात जरा जास्त वेळ तिथेच ठेवायची.

पुढचंही तिला पाठ होतं. पेशंट उठून बसला की मॅडम हसून म्हणायच्या, "थोडी सूज आहे, बाकी रिपोर्ट आला की बघू." आणि नातेवाइकाला तेवढं बाहेर बोलवायच्या, पाण्याच्या फिल्टरपाशी. पाच बाटल्या, सूज आणि नातेवाईक फिल्टरपाशी. ही तीन चिन्हं जमली की मावशी समजायची, गेलं हे माणूस. तिचा अंदाज फारसा चुकत नाही असं तिला वाटायचं. वाटणारच! ज्यांच्या बाबतीत चुकायचा ते बरे होऊन आपापल्या घरी जायचे, पुन्हा त्या खोलीचं तोंड बघायचे नाहीत, मग ते तिच्या गणितात धरले कसे जाणार? पण हे तिच्या कधी डोक्यात आलं नाही, आणि हे गणित तिने कुणाला सांगितलंही नव्हतं, त्यामुळे तिची चूक दाखवणारं कुणी नव्हतं.

तर अशा या बाईचं स्वतःचं पोट चार महिने दुखत होतं.

छातीच्या खाली, बरोबर मधोमध, कुणीतरी निखारा ठेवावा तशी आग. पोट रिकामं असलं की जास्त. तीन घास खाल्ले की गच्च भरल्यासारखं व्हायचं, चौथा घास वर यायचा. ढेकरांना तर सुमार नव्हता. एप्रनच्या खिशात ती चघळायच्या गोळ्यांची पट्टी ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून एकेक दाढेखाली सरकवायची. घरी विचारलं की "पित्त झालंय." खोलीत विचारलं तरी "पित्त झालंय." दुर्बीण हाताशी, डॉक्टर हाताशी, आणि ही बाई पित्त पित्त करत बसलेली! कुणालाही राग येईल. पण मावशी आळसाने गप्प बसली नव्हती. तिची पाचावर धारण बसली होती.

कारण होतं थोरली. मावशीची थोरली बहीण. आठ-नऊ वर्षांपूर्वी तीही अशीच पोट धरून बसायची, आणि मावशीच तिला म्हणायची, "अगं, पित्त आहे ते. माझ्या खोलीत रोज वीस जण येतात, त्यातल्या अठरांना पित्तच निघतं. ही घे, चघळ." भेटीला गेली की पर्समधून पट्टी काढून द्यायची. दोन वर्षं दिल्या तिने थोरलीला त्या गोळ्या, मोठ्या ऐटीत, दुर्बिणीच्या खोलीतलं माणूस म्हणून. शेवटी थोरलीला खोलीत आणली तेव्हा तिच्या दातांत कडी मावशीनेच बसवली. बाटल्यांना चिठ्ठ्याही तिनेच लावल्या. सहा निघाल्या. पोटाचा कॅन्सर, तोही पसरलेला. पाच महिन्यांत थोरली गेली.

तेव्हापासून घरात कुणी थोरलीचा विषय काढला की मावशी उठून जायची आणि नळ सोडून भांडी विसळत बसायची. भांडी स्वच्छ असली तरीसुद्धा. गोळ्यांचं तिने कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि आता तिच्या पोटात ती आग सुरू झाली तेव्हा तिच्या मनाने लगेच ठरवून टाकलं की हे तेच आहे, आणि आपल्याला ते व्हायलाच हवं होतं.

*

शेवटी पकडलं सिस्टरने. धुण्याच्या बेसिनवर वाकलेली मावशी एकदम पांढरीफटक पडली आणि तिथेच तिला उलटी झाली. उलटीत कॉफीच्या गाळासारखे दोन ठिपके होते, म्हणजे साकळलेलं रक्त. तिने झटकन नळ सोडला, पण सिस्टर मागेच उभी.

"किती दिवस चाललंय हे?"

"आज सकाळीच जरा..."

"मावशे, मी तुला आज ओळखते का? एप्रनचा खिसा दाखव."

खिशातून तीन रिकाम्या पट्ट्या निघाल्या. सिस्टरने तिला दंडाला धरून सरळ मॅडमपुढे उभी केली. मॅडम मावशीहून दहा वर्षांनी तरी लहान, पण रागावल्या की मावशीसुद्धा चळचळ कापायची. त्यांनी पट्ट्या बघितल्या, वजन करायला लावलं, वजन सात किलोने उतरलेलं निघालं. "उद्या सकाळी उपाशी यायचं. घरच्यांना घेऊन," एवढंच त्या म्हणाल्या आणि एक फॉर्म पुढे केला. घरात कुणाला पोटाचा कॅन्सर होता का, अशी त्यात एक ओळ होती. मावशीने "बहीण" लिहिलं. चारदा पेन उचललं तेव्हा कुठे लिहून झालं.

दुसऱ्या दिवशी नवरा बरोबर आला. कुलपांचा माणूस तो. नाक्यावर एका कपाटाएवढ्या टपरीत किल्ल्या घासायचा. तसा देवमाणूस, पण बोलायच्या बाबतीत महाकंजूष. "तुमच्या तोंडालाही एक कुलूप ठोकून घेतलंय की काय?" असं मावशी त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून विचारत आली होती, आणि त्यावरही तो नुसता हसायचा. तो बाहेरच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला आणि मावशी आत जाऊन त्या टेबलावर आडवी झाली.

गुंगीचं इंजेक्शन तिने घेतलं नाही. "मला कळायला हवं," म्हणाली. घशात कडू फवारा मारला, जीभ बधिर झाली, सिस्टरने कडी बसवली. आणि मग काय सांगावं! एकोणीस वर्षं हजारो लोकांना "घाबरू नका" म्हणणारी बाई अशी घाबरली की तिच्या टाचा टेबलावर तडतडायला लागल्या. दुर्बीण घशातून उतरताना वाटलं, आता जीव जातोय. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, लाळेने उशी भिजलेली. पडद्याकडे तिने बघितलं नाही. कान मात्र बाटल्यांकडे होते.

"चिमटा." पहिली बाटली. ट्रेमध्ये काच वाजली.

"दुसरी जागा." दुसरी.

मावशीने मनात म्हटलं, दोनच. दोन म्हणजे खात्री. बास करा मॅडम.

तिसरी. चौथी. तिच्या पोटात गोळा आला. दुर्बीण आतच असताना पोटात गोळा येणं काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

"अजून एक द्या," मॅडम म्हणाल्या.

पाचवी बाटली वाजली आणि सिस्टरचा हात तिच्या पाठीवर येऊन थांबला. कदाचित तो नेहमीसारखाच होता, कदाचित नव्हता. मावशीला तो तिथे जरा जास्त वेळ राहिल्यासारखा वाटला.

ती उठून बसली तेव्हा मॅडम हातमोजे काढत होत्या. "हे बघा मावशी, सूज आहे चांगलीच, दोन-तीन जागी सोलवटलंय. जंतू आहे. ती पिवळी चकती बघा, कशी गुलाबी झाली मिनिटात." चकती मावशीला दिसली. एक जास्तीचा तुकडा त्या चकतीवर टाकतात, जंतू असला की ती गुलाबी होते, हे तिला माहीत होतं. पण तिला फक्त एकच शब्द ऐकू आला होता, सूज. मॅडम पुढे बरंच बोलल्या. चौदा दिवसांच्या गोळ्या, जेवणानंतर, एकही चुकवायची नाही, असं व्हायला लागलं तर घाबरायचं नाही, तसं झालं तर फोन करायचा. मावशी मान हलवत राहिली. तिचं लक्ष दाराकडे होतं.

मॅडम बाहेर गेल्या. दार पुरतं लागलं नव्हतं. फटीतून तिला दिसलं: मॅडमनी तिच्या नवऱ्याला खुणेने उठवलं आणि पाण्याच्या फिल्टरपाशी नेलं.

तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मावशीने असे चेहरे आत येताना शेकड्याने पाहिले होते.

"काय म्हणाल्या?" तिने विचारलं.

"काही नाही गं," तो म्हणाला. "सूज आहे थोडी. गोळ्या घ्यायच्या."

*

घरी त्याने गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि पेन्सिलीने कागदावर चौकोन आखले. पित्त दाबणारी एक गोळी, जंतू मारणाऱ्या दोन, आणि आतल्या सोलवटलेल्या जागेवर लेप धरणारी चौथी. दिवसातून चार वेळा तो गोळ्या तळहातावर घेऊन समोर उभा राहायचा. दुपारी टपरी बंद करून यायचा. तीस वर्षांत ज्याने कधी चहाचा कप उचलला नाही तो कप विसळायला लागला, पातळ खिमट करून वाफ जाईपर्यंत ढवळत बसायला लागला. मुलीचा फोन आला की गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलायचा.

आता हे सगळं बघून दुसऱ्या बाईला बरं वाटलं असतं. मावशीच्या काळजाचं पाणी पाणी होत होतं. नवरे असे केव्हा वागतात ते तिने पाहिलं होतं. एकदा तो तिच्या पायांना तेल चोळायला बसला तेव्हा ती ओरडलीच, "काय लावलंय हे? मरायला टेकलेय का मी?" तो काही न बोलता तेलाची वाटी उचलून गेला. झालं, तिला उत्तर मिळालं.

तोंड तर असं झालं होतं की किल्ली चोखत असावं. पाणीसुद्धा पितळेचं लागायचं. पण ते तिने सहन केलं. चौथ्या दिवशी सकाळी मात्र संडासातून ती भिंत धरत बाहेर आली.

शौच काळीकुट्ट झाली होती. डांबरासारखी.

दुर्बिणीच्या खोलीत काळी शौच म्हणजे काय ते शिकाऊ पोरीलाही माहीत असतं: आत रक्त चाललंय. अशा पेशंटला स्ट्रेचरवरून पळवत आणतात. मावशीने आरशासमोर जाऊन जीभ बाहेर काढली. जीभही काळी! तिने बेसिनची कडा धरली, तिच्या तोंडचं पाणी पळालं. थोरलीच्या शेवटच्या महिन्यात असंच होतं, शौच काळी आणि ओठ पांढरे. तिने आपले ओठ बघितले. तेही तिला पांढरेच दिसले, आता खरे किती आणि भीतीचे किती कोण जाणे.

सांगायचं ना कुणाला! फोन उचलायचा, मॅडमना विचारायचं. पण भीती अशी चीज आहे की ती माणसाला दारापर्यंत नेते आणि कडी मात्र उघडू देत नाही. विचारलं तर त्या खरं सांगतील. विचारलं नाही तोवर निदान नवरा "सूज आहे" म्हणतोय, आणि आपणही हो म्हणतोय. मावशी अंघोळ करून बाहेर आली आणि तिने कुणाला चकार शब्दाने सांगितलं नाही.

पाचव्या दिवसापासून तिने गोळ्या गिळणं बंद केलं. जे जायचंच आहे ते जाणार, मग शेवटचे दिवस तोंड कडू करून कशाला घालवायचे, हा एक विचार. आणि दुसरा, तो तिने स्वतःलाही नीट कबूल केला नाही, की थोरलीला जे औषध मिळालं नाही ते आपण कोणत्या तोंडाने घ्यावं? नवरा गोळ्या द्यायचा, ती जिभेखाली धरायची, पाणी प्यायची, आणि तो कागदावर फुली मारायला वळला की मोरीत थुंकून पाणी ओतायची. फुल्यांची रांग वाढत गेली. नवरा ती बघून खूश व्हायचा. पोटातली आग, जी चार दिवसांत जरा कमी वाटायला लागली होती, ती पुन्हा पहिल्यासारखी भडकली, आणि मावशीला वाटलं, बघा, पसरतंय. संडासात खाली बघायचं आणि आरशात जीभ काढायचं तर तिने भीतीने सोडूनच दिलं होतं.

तिने मुलीला फोन करून कपाटातली कुठली चादर कुणाला द्यायची ते सांगायला घेतलं. मुलगी घाबरून म्हणाली, "आई, तू असं का बोलतेयस? बाबा तर म्हणाले साधं इन्फेक्शन आहे."

"बाबांना बोलता कुठे येतं," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

*

दहाव्या दिवशी रिपोर्ट आला. सिस्टरचा फोन आला की मॅडमनी दोघांनाही बोलावलंय. दोघांनाही! मावशीने साडी बदलली, घरातला गॅस बंद आहे का ते तीनदा पाहिलं आणि निघाली. वाटेत नवऱ्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

मॅडमच्या टेबलावर पाकीट पडलं होतं. तशी पाकिटं मावशीने तळमजल्यावरून हजारदा वर आणली होती. आज तिला त्याच्याकडे बघवेना. तिने खुर्चीचा हात असा घट्ट धरला की नखं पांढरी झाली.

"पाचही बाटल्यांत एकच आहे," मॅडम म्हणाल्या. "सूज आणि जंतू. कॅन्सरचा मागमूस नाही."

खोलीत पंखा फिरत होता. मावशीला तो ऐकू येत होता आणि बाकी काही कळत नव्हतं.

"मावशी, ऐकताय ना? कॅन्सर नाही."

"मग पाच का घेतल्या?" मावशी एकदम ओरडली. "पाच बाटल्या का घेतल्यात मॅडम? मला काय कळत नाही का?"

मॅडम बघतच राहिल्या. मग मावशीने सगळं सांगून टाकलं, बाटल्यांचं, सुजेचं, फिल्टरचं. सिस्टर दारात उभी होती, तिने कपाळावर हात मारला. मॅडमना आधी हसू आलं, पण मावशीचा चेहरा बघून ते विरलं.

"तुम्हीच फॉर्मवर बहिणीचं लिहिलंत ना," त्या हळू म्हणाल्या. "सख्ख्या बहिणीला झालेलं असलं की मी पाच ठरलेल्या जागांवरून तुकडे घेते. दिसायला काही वाईट नसलं तरी. आणि सूज असली तर सूजच म्हणणार ना मी?"

"आणि काळी शौच? जीभ?"

"ती लेपाची गोळी. तिने काळंच होतं, गोळी थांबली की जातं. त्या दिवशी सांगितलं तुम्हाला, पण तुम्ही ऐकत नव्हता हे मला दिसत होतं. म्हणून तर यांना बाहेर नेऊन पुन्हा सांगितलं. गोळ्या मोजून द्या, काळं दिसेल त्याला घाबरू देऊ नका. सांगितलं होतं ना हो?"

नवरा जमिनीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. "असलं कसं बोलायचं बाईमाणसाशी," तो पुटपुटला. तीस वर्षं संसार केलेल्या बायकोला शौच काळी होईल हे सांगायची त्याला लाज वाटली होती!

मग मॅडमनी सहज विचारलं, "आता चारच दिवस राहिले ना गोळ्यांचे?"

जीव भांड्यात पडायचा होता तो पुन्हा वर उडाला. खोटं बोलून सुटता आलं असतं, कागदावर फुल्या होत्या, साक्षीला नवरा होता. मावशीने नवऱ्याकडे बघितलं. तो तेवढ्यात कागद खिशातून काढून अभिमानाने मॅडमपुढे ठेवत होता.

"मी पाच दिवस गोळ्या थुंकतेय," ती म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "हे जंतू मुळात चिवट असतात," त्या म्हणाल्या. "त्यांना अर्धवट मार बसला की ते त्या औषधाला सरावतात. आता तीच औषधं पुन्हा देऊन खात्री नाही. दुसरी द्यावी लागतील, पुन्हा पहिल्यापासून चौदा दिवस. त्यानंतर महिना-दीड महिना थांबायचं, त्यातले शेवटचे दोन आठवडे पित्ताची गोळीसुद्धा बंद, आणि मग श्वासाची तपासणी. तेव्हा कळेल जंतू गेला की नाही."

"नाही गेला तर?"

"तर पुन्हा. असाच राहिला तर त्या जागी अल्सर होतो. रक्त जाऊ शकतं. आणि वर्षानुवर्षं राहिला तर..." मॅडम थांबल्या. "तुमच्या बहिणीचं तुम्हाला माहीत आहे. हा जंतू बहुतेक लहानपणीच पोटात शिरतो. एका घरात वाढलेल्या भावंडांत एकच असतो बऱ्याचदा."

मावशीने नजर टेबलावरच्या पाकिटाकडे वळवली. तिला कळलं. जे आज तिच्या पोटात होतं तेच कदाचित थोरलीच्या पोटात होतं, आणि तेव्हा, अगदी सुरुवातीला, चौदा दिवसांच्या गोळ्यांनी ते गेलं असतं.

*

दवाखान्याच्या फाटकाबाहेर एक सिमेंटचा बाक आहे. तिथवर ती चालत आली आणि बसली. नवरा नव्या गोळ्यांची पिशवी घेऊन शेजारी बसला. समोर एक माणूस गाडी मागे घेत होता आणि त्याला जागा पुरत नव्हती. मग मावशीचा बांध फुटला.

"दहा दिवस मी रोज मेले! रोज! तुम्हाला एक वाक्य बोलता आलं नाही? राखेसारखं तोंड करून आत आलात. मला वाटलं, संपलं सगळं. अजून काय काय पोटात ठेवलंय तुम्ही? सांगून टाका एकदाचं!"

तिने हे रागाच्या भरात विचारलं होतं. उत्तर येईल असं तिला वाटलंच नव्हतं.

"एक आहे," नवरा म्हणाला.

मावशी त्याच्याकडे वळली.

"त्या दिवशी फिल्टरपाशी मॅडमनी तुझ्या बहिणीचं विचारलं, म्हणून माझं तोंड तसं झालं." तो पिशवीच्या गाठीशी खेळत होता. "थोरल्या ताईंनी... तुझ्या बहिणीने मला निरोप दिला होता. तुझ्यासाठी. शेवटच्या आठवड्यात, तू डबा धुवायला गेली होतीस तेव्हा. मी दिला नाही."

"काय निरोप?"

"कुणी त्यांचं नाव काढलं की तू उठून जायचीस. आज सांगू, उद्या सांगू, असं करत सहा वर्षं गेली. आणि मग तुला बेसिनवर उलटी झाली..." त्याचा आवाज फाटला. तीस वर्षांत मावशीने त्याला रडताना बघितलं नव्हतं, आणि आता भर रस्त्यात, पिशवी मांडीवर धरून तो रडत होता.

"काय म्हणाली ती?" मावशीने त्याचं मनगट धरलं. "गोळ्यांचं म्हणाली का? मी दिलेल्या?"

"म्हणजे तेच मनात धरून बसलीस होय इतकी वर्षं?"

"काय म्हणाली!"

त्याने डोळे पुसले आणि पाठ म्हणावं तसं, शब्द चुकू नये म्हणून हळूहळू म्हणाला, "'धाकटीला सांगा, तू मला वेळ दिलास, जीव लावलास, गोळ्या मी माझ्या मर्जीने चघळल्या. मीच दुर्बिणीला घाबरत होते, तू म्हणालीस पित्त आहे म्हणून मला बरं वाटायचं. पण तुझं पोट दुखलं तर तू घाबरू नकोस. त्याच दिवशी दाखव. आणि औषध देतील ते सगळं घे, माझ्या वाटणीचंसुद्धा.' एवढंच."

समोरच्या माणसाची गाडी एकदाची लागली, तो दार आपटून निघून गेला. तिच्या छातीखाली आग होतीच, आणि भीतीही काही कुठे गेली नव्हती. नवी औषधं लागू पडतील की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा सांगितलं. "सगळं घे" पाशी तो अडखळला, तर तिने ते त्याला परत म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा तो न अडखळता बोलला. मावशीने पिशवीची गाठ सोडली, पहिली गोळी हातात घेतली आणि त्याला पाण्याची बाटली उघडायला सांगितली.